वाचलेल्या तासाचं काय झालं

मनोहररावांनी परदेशात, प्लेनो शहरात कंट्रोल ग्रुप काढला, तेव्हा कोणाचा अपमान करावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे आठवडाभर तिथल्या मराठी घरांमधून त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं, त्यात हेतूबद्दल बराच गैरसमज होता.

त्याचं झालं असं. त्यांच्या पत्नीने, सुनेत्राने, तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना एक सवय लावली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या चाळण्या वाटायच्या आणि त्याच चाळण्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून परत घरी यायच्या, हे तिला पटेना. त्यापेक्षा वाणाचे पैसे एकत्र करून अकोले तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या वाडीला प्रेशर कुकर पाठवू, असं तिनं सगळ्यांच्या गळी उतरवलं. दर वर्षी थोडी थोडी घरं. चुलीपुढे बसून डाळ शिजायची वाट बघण्यात जो वेळ जातो, त्यातला रोजचा एक तास त्या बाईला परत मिळतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. गेल्या वर्षी सुनेत्रा गेली. कुकर मात्र यंदाही गेले.

मग मार्चच्या बैठकीत यतीन उभा राहिला. यतीन मंडळाचा मदतनिधी बघतो. अर्विंगला राहतो, मूळचा मुंबईचा, मुलगा गुणी, फक्त प्रत्येक गोष्टीची स्लाइड करतो. तो म्हणाला की आपण जेवढे पैसे जमवतो तेवढेच वर घालणारी जी कंपनी आहे, ती आता इम्पॅक्ट विचारते. म्हणजे वस्तू पोहोचली का, हे नाही. पोहोचून काय बदललं, हे. ते कसं मोजणार याचा प्लॅन ज्या योजनेकडे नाही, ती पुढच्या वर्षी बंद.

"तास वाचला, ओके," यतीन म्हणाला. "पण त्या तासाचं काय झालं? कोणाला माहितीये?"

कोणालाच माहीत नव्हतं. यतीनने हळूच सुचवलं की कुकर योजना थांबवून तो पैसा शाळांच्या टॅब्लेटकडे वळवता येईल, टॅब्लेटमध्ये निदान आकडे आपोआप साठतात. तेवढ्यात मागच्या रांगेत हात वर झाला. मनोहररावांनी मंडळाच्या बैठकीत आजवर 'पंखा जरा कमी करा' यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. ते म्हणाले, "प्लॅन मी करून आणतो."

आता मनोहररावांची नोकरी वीज मंडळाच्या मीटर विभागात झाली होती. मीटर बसवल्याशिवाय किती वीज जळली हे कळत नाही, ही गोष्ट त्यांना यतीनच्या जन्माआधीपासून ठाऊक होती. इथे वीज नव्हती, तास होता. मीटर बसवायचं, झालं. त्यात काय एवढं?

घरी आल्यावर त्यांनी दाढी केली. वर्षभर अंगात असलेला राखाडी स्वेटर धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी सिद्धेशला, म्हणजे मुलाला, गाडी काढायला लावून एक पांढरा फळा विकत आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर उभा केला. सून स्वानंदी एका कंपनीत डेटाचं काम करते. ती ऑफिसमधून आली, फळ्याकडे पाहिलं, सासऱ्यांच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं, आणि पर्स न ठेवताच खुर्चीत बसली.

"बाबा, कंट्रोल ग्रुप लागेल," ती म्हणाली.

मग तिनं समजावलं. काही घरांना कुकर द्यायचा, काहींना द्यायचा नाही. कोणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आपल्या आवडीनं नाही. नंतर दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारायचे. जो फरक दिसेल तो कुकरचा. आणि वाडीवर जायच्या आधी हे सगळं इथेच, जवळपास, छोट्या प्रमाणावर करून बघायचं, म्हणजे चुका घरच्या घरी होतील.

हे शेवटचं वाक्य मनोहररावांनी फारच मनावर घेतलं.

शेजारचा सल्ला न विचारताही मिळाला. सकाळी फिरायला बरोबर असणारे जगन्नाथराव नागपूरचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायले एवढा व्याप करता बाप्पा? हसणाऱ्या बायांचे चार फोटो लावा, खाली टक्के लिहा. आमच्याकडे यावर निवडणुका होतात." मनोहररावांना हा सल्ला पटला नाही, पण टक्के लिहायची कल्पना त्यांनी लक्षात ठेवली.

अडचण अशी की प्लेनोमध्ये तास वाचवायचा कसा? इथे प्रत्येकाच्या ओट्यावर दोन-दोन विजेचे कुकर, त्यातला एक भेट आलेला आणि न उघडलेला. मनोहररावांनी दोन दिवस विचार केला. सुनेत्रा गेल्यावर त्यांना एकच पदार्थ जमू लागला होता, मुगाची खिचडी. तीही सुनेत्राने पुण्याहून हातातल्या सामानातून आणलेल्या जुन्या कुकरमध्ये. ठरलं. फिरायला येणाऱ्या मंडळींची आठ घरं होती. चार घरांना आठवडाभर रोज संध्याकाळी गरम खिचडी पोहोचवायची. त्यांचा स्वयंपाकाचा तास वाचेल. उरलेल्या चार घरांना काही द्यायचं नाही. शुक्रवारी सगळ्यांना विचारायचं, संध्याकाळी काय केलंत?

चिठ्ठ्या त्यांनी आरतीच्या ताम्हनात टाकल्या, म्हणजे कोणी पक्षपाताचा आरोप करू नये. पहिलीच कंट्रोलची चिठ्ठी पद्मिनीताईंच्या घराची निघाली.

पद्मिनीताई म्हणजे सुनेत्राची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी मिळून पापड लाटायच्या, दोघी मिळून भांडायच्या. सोमवारी संध्याकाळी त्यांनी खिडकीतून पाहिलं की मनोहरराव हातात डबे घेऊन येत आहेत. त्यांनी दार उघडलं. मनोहररावांनी नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेले.

रात्रीच्या आत ही बातमी आठही घरांत पोहोचली. मंगळवारी पद्मिनीताई स्वतः आल्या.

"भाऊजी, आमचं काय चुकलं?"

मनोहररावांनी त्यांना फळ्यासमोर बसवून सांगितलं की चुकलं काही नाही. उलट तुमचं काम जास्त महत्त्वाचं. तुम्हाला काही मिळालं नाही, म्हणूनच बाकीच्यांना काय मिळालं ते कळणार. पद्मिनीताईंनी हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की सुनेत्राने उभ्या आयुष्यात दारावरून कोणाला तसंच जाऊ दिलं नाही, कुरियरवाल्यालाही लाडू द्यायची, आणि आज तिच्याच कुकरची खिचडी तिच्याच मैत्रिणीच्या दारावरून पुढे जाते. मनोहरराव चहा विचारू लागले. मग आठवलं की कंट्रोलला चहाही देता येणार नाही. शब्द अर्ध्यावर गिळला. ते पद्मिनीताईंनी पाहिलं.

खरा घोटाळा मात्र दुसऱ्याच बाजूने आला.

मंगळवारी पहिल्या घरचा डबा परत आला. आत अळूवड्या होत्या. दुसऱ्या घरच्या डब्यात श्रीखंड, तिसऱ्या घरच्यात पुरणपोळ्या. जगन्नाथरावांकडून सांबारवडी आली, म्हणजे त्यांची नागपुरी, कोथिंबिरीची, हाताला चार तास वास राहणारी. आता यात नवल नाही. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. निदान साखरेची चिमूट तरी घालतात. पण विधवा आणि विधुर यांत लोक विधुराची जास्त काळजी करतात. घरी बायको नाही, बिचारा स्वतः खिचडी करून वाटतो म्हटल्यावर साखरेच्या चिमटीवर कोणाचं समाधान होईना. आवळा देऊन कोहळा काढावा तसं झालं होतं, आणि कोहळा मनोहररावांनी मागितलाही नव्हता. बुधवारपर्यंत फ्रिजमध्ये सिद्धेशला दूध ठेवायला जागा उरली नाही.

स्वानंदीने फळ्यावर हिशोब मांडला आणि हसू दाबत म्हणाली, "बाबा, खिचडी मिळाल्यापासून या लोकांचा वेळ वाचत नाहीये. वाढलाय. पुरणपोळीला तीन तास लागतात. तुमच्या प्रोग्रॅमचा इम्पॅक्ट निगेटिव्ह आहे."

त्यात आणखी भर म्हणजे, खिचडी मिळणाऱ्या चार घरांना न मिळणाऱ्या चार घरांबद्दल लाज वाटू लागली. त्यांनी गुपचूप अर्धी-अर्धी खिचडी पलीकडे पोहोचवायला सुरुवात केली. पद्मिनीताईंकडे तर तीन घरांतून येऊ लागली. गुरुवारी असं लक्षात आलं की सगळ्यात जास्त खिचडी कंट्रोल ग्रुपने खाल्ली आहे.

आणि मग वस्तीतल्या रहिवाशांच्या ॲपवर कोणाच्या तरी दारातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला. एक वयस्कर गृहस्थ स्टीलचे उभे डबे घेऊन काही घरांसमोर थांबतात आणि काही घरांसमोर मुद्दाम थांबत नाहीत. हे कोण? खाली सदतीस प्रतिक्रिया. एकाने लिहिलं होतं की त्या घरातून रोज संध्याकाळी वाफेची मोठी शिट्टी ऐकू येते आणि त्याचा कुत्रा पलंगाखाली जातो.

वस्तीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी अर्ज पुढे केला. घरोघरी वाटप करण्याचा उद्देश: विक्री, धर्म की निवडणूक? मनोहररावांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे 'तुलना' असं लिहिलं. बाईंनी विचारलं, लोकांना अन्न देण्यामागे कारण काय? मनोहररावांनी आपल्या मोजक्या इंग्रजीत प्रामाणिकपणे सांगितलं की देणं हा मुद्दा नाही, अर्ध्यांना न देणं हा मुद्दा आहे. शेवटी शुक्रवारपर्यंत परवानगी मिळाली, एका अटीवर: वस्तीतल्या घरांमध्ये भेदभाव करायचा नाही. वीज मंडळात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणी भेदभाव करणारा म्हणावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन ते पुरणपोळी खात बसले.

त्या संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या घरातल्या शेरिलबाई. एकट्या राहतात, सोबतीला एक जाडं मांजर. ॲपवर वाचून आल्या होत्या. आपण या प्रयोगात का नाही, असं त्यांनी विचारलं. भेदभावाची अट ताजी होती. मनोहररावांनी मुकाट्याने डबा भरून दिला.

शुक्रवारी सकाळी शेरिलबाईंनी डबा परत आणून दिला. धुतलेला, पुसलेला आणि रिकामा.

जगन्नाथराव तिथेच होते. ते हळहळले. "रिकामा? पद्धत नाही हो यायच्यात." पण मनोहरराव त्या रिकाम्या डब्यात असे बघत होते की जणू आत लॉटरीचं तिकीट आहे. त्यांनी घाईघाईने विचारलं, काल संध्याकाळी काय केलंत? शेरिलबाई म्हणाल्या, काही नाही. स्वयंपाक नव्हता, तर मांजर मांडीवर घेऊन मागच्या अंगणात बसून राहिले. फार दिवसांनी.

अख्ख्या आठवड्यात हाती लागलेला एवढा एकच धड आकडा. तोही नमुन्याबाहेरचा.

रविवारी सकाळी बैठक होती, प्लेनोच्या लायब्ररीतल्या खोलीत. मनोहररावांना रात्री झोप नीट लागली नव्हती, पण भीती वाटत होती असंही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी होतं तसं काहीतरी होत होतं. फसलेला प्रयोग त्यांनी फसला म्हणूनच सांगायचं ठरवलं. मीटर उलटं फिरलं तर उलटं फिरलं असंच लिहायचं असतं.

त्यांनी सांगितलं. खोली हसली. पुरणपोळीच्या घरचे लोक जरा कमी हसले. यतीनही हसला, मग घसा साफ करून म्हणाला, "काका, एफर्ट ग्रेट आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहतो ना. तासाचं काय झालं?"

"तेही विचारू," मनोहरराव म्हणाले. "आत्ता विचारू. तिकडे जेवणं उरकायची वेळ आहे."

हा भाग स्वानंदीने जुळवला होता. पडद्यावर वाडीतल्या सरलाबाई आल्या. पहिल्या वर्षी ज्यांना कुकर मिळाला त्यांतल्या एक. मागे भिंत, भिंतीवर काळाकुट्ट झालेला कुकर खुंटीला टांगलेला. यतीनने स्वतः तयार केलेली प्रश्नावली वाचली. वाचलेल्या वेळात आपण काय करता? अ, कमाईचं काम. ब, मुलांचा अभ्यास. क, आरोग्य. ड, इतर.

सरलाबाईंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "बसते."

"बसून काय करता?"

"बसते म्हंजे बसतेच. उंबऱ्यावर. आधी बसायला कुठं मिळायचं?"

यतीन आपल्या स्लाइडकडे बघू लागला. बसण्याला रकाना नव्हता. कोणीतरी मागून कुजबुजलं की कंपनीला हे कसं सांगायचं, तुमच्या पैशांनी बाई बसली? योजना आता गेली, असं मनोहररावांना स्पष्ट वाटलं.

"सुनेत्राताई असले प्रश्न नव्हत्या इचारत," सरलाबाई पडद्यावरून म्हणाल्या. "आमच्याकडं सकाळच्याला त्यांचा फोन आला की एकच. शिट्टी झाली का? झाली म्हणलं की म्हणायच्या, मग बस आता. मीबी बसते, म्हणायच्या, आमचे हे वाट बघत असतील."



मनोहररावांच्या डोळ्यांसमोर घरची ती खुर्ची आली. मागच्या अंगणात दोन खुर्च्या होत्या. रोज संध्याकाळी आत कुकरची शिट्टी व्हायची, गॅस बंद व्हायचा आणि सुनेत्रा पदराला हात पुसत बाहेर येऊन दुसऱ्या खुर्चीत बसायची. बोलायची किंवा नाही बोलायची. त्यांना वाटायचं, आता कुकर निवेपर्यंत वेळ आहे म्हणून बसते. वर्षभर त्यांनी त्या खुर्चीवर कढीपत्त्याची कुंडी ठेवली होती, रिकामी दिसू नये म्हणून.

"लिहा," ते यतीनला म्हणाले. आवाज जरा वर गेला, पण त्यांना तो सावरावासा वाटला नाही. "पहिला रकाना तोच करा. बाई बसली का? किती वेळ बसली? हे मोजू. कमाई-बिमाई नंतर."

स्वानंदी उभी राहिली. लेझर म्हणून हे बसणं मोजतात, रीतसर मोजतात, असं ती भराभर इंग्रजीत आणि मराठीत सांगू लागली, मग स्वतःच हसून म्हणाली, "लेझर म्हणजे फुरसत, बाबा. कंपनीला मी लिहून देते." यतीन लिहून घेत होता. त्याने मान वर करून विचारलं, "आणि कंट्रोल ग्रुप? तिथे कोणाला नाही म्हणणार?"

पद्मिनीताई आतापर्यंत कडेला बसल्या होत्या, आठवड्याचा राग मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, "नाही कशाला म्हणायचं? दर वर्षी थोडीच घरं होतात ना? मग ज्यांची पाळी पुढच्या वर्षी, त्यांना यंदा विचारून ठेवा. पाळी आली की त्यांनाही द्या. आम्हालासुद्धा 'पुढच्या आठवड्यात आणतो' एवढं म्हणाले असते, तर मी काही बोलले असते का?"

स्वानंदी त्यांच्याकडे बघतच राहिली. मोठमोठे लोक आफ्रिकेत आणि कुठे कुठे हेच करतात, ती म्हणाली, आणि त्याला नावही आहे. नाव काय ते कोणी विचारलं नाही. यतीनने फक्त चिठ्ठ्यांनी पाळी ठरवायची, एवढी भर घातली आणि हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर झाले. जगन्नाथरावांनी दोन्ही केले.

सोमवारी संध्याकाळी शिट्टी झाली. वस्तीतला एक कुत्रा भुंकला. मनोहररावांनी ऑफिसातून परवानगी आणखी आठवडाभर वाढवून घेतली होती; त्यांनी मागच्या आठवड्यात राहिलेल्या चार घरांचे डबे भरले. या खेपेला प्रत्येक डब्यावर कागद चिकटवला होता: कृपया रिकामा परत करावा.

मंगळवारी पद्मिनीताई डबा घेऊन आल्या. मागच्या दाराने, सुनेत्रा असताना यायच्या तशा. डबा पुढे करताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू दुसऱ्याचा डबा चोरून आणला आहे.

"भाऊजी, बघा. रिकामा. साखरसुद्धा नाही. माझी आई वरून बघत असेल तर काय म्हणेल देव जाणे."

मनोहररावांनी डबा उघडून खात्री केली. मग पेन काढलं. "वाचलेल्या तासात काय केलंत?"

"आधी कपाट आवरायला घेतलं. मग सरलाबाई आठवल्या, म्हटलं बसू. बसले तर सुनेत्राच आठवत राहिली." पद्मिनीताईंनी पदर डोळ्यांना लावला. "थोडी रडले. मग बरं वाटलं. लिहा काय लिहायचं ते."

याला पुन्हा रकाना नव्हता. मनोहररावांनी पेन खिशात ठेवलं. कढीपत्त्याची कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली, खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली.

"बसा."

दोघं बसले. समोर शेरिलबाईंचं मांजर कुंपणावर येऊन बसलं होतं, तेही काही करत नव्हतं. एप्रिलचं ऊन उतरत होतं. दोन मिनिटांनी पद्मिनीताई उठल्या, खाली वाकल्या आणि कढीपत्त्याची वाळलेली पानं खुडू लागल्या.

मनोहररावांनी घड्याळ पाहिलं, पेन परत काढलं आणि लिहिलं: बेसलाइन, दोन मिनिटं.

सुरुवातीचा आकडा म्हणून काही वाईट नाही, असं त्यांना वाटलं.